अकरा पावलांचा हिस्सा

ताश्कंद
११ जानेवारी २०१९

आतोबा सापारनियाज यांना सलाम.

झाले ते क्रमाने असे:

१. १९ सप्टेंबरला सकाळी नऊ वाजता मी सारिजाप कालव्याच्या उजव्या काठावर, बाबांच्या हिश्श्यात, गाळाचा भराव उभा कापला. उंची एक मीटर दहा सेंटिमीटर. कापलेल्या भागात पातळ पट्टे दिसत होते. मोजले नाहीत, फोटो काढला.

२. भराव जिथे मूळ जमिनीवर टेकतो, नेमक्या त्या रेषेत स्टीलची नळी आडवी ठोकली. बाहेर काढून दोन्ही तोंडे काळ्या चिकटपट्टीने बंद केली. गावातली सात माणसे काठावर उभी राहून बघत होती. ती हसत होती. कारण विचारले नाही.

३. मला पुढे जुन्या नदीच्या कोरड्या पात्रात चार दिवसांचे काम होते. नळी तापलेल्या गाडीत ठेवायला नको म्हणून तुमच्या धान्याच्या कोठीत ठेवली. २४ सप्टेंबरला बसवाल्याने ती तोर्तकुलला माझ्या हातात दिली.

४. ८ जानेवारीला प्रयोगशाळेचा निकाल आला. भरावाखालच्या त्या जमिनीने शेवटचे ऊन सोळा वर्षांपूर्वी पाहिले. फार तर दोन वर्षे इकडेतिकडे.

५. हे शक्य नाही.

हे काम कसे चालते ते सप्टेंबरमध्ये सांगायला वेळ नव्हता. वाळूचा कण उन्हात असतो तोवर त्याची पाटी कोरी राहते. त्याच्यावर माती पडली, अंधार झाला, की त्या दिवसापासून त्याच्यात थोडेथोडे साठत जाते. ते प्रयोगशाळेत मोजता येते. भरावाखालची जमीन झाकली गेली कधी, हे कळले की कालवा खणला कधी, हे कळते.

३० एप्रिलला समितीची बैठक आहे. सारिजापचे शेवटचे आठ किलोमीटर सामूहिक शेतीच्या काळात खणले गेले, असे पाण्याच्या खात्याचे म्हणणे आहे. ते बुजवावेत आणि गावातली तेवीस घरे हमरस्त्याजवळच्या नव्या वस्तीत न्यावीत, असा प्रस्ताव आहे. कालवा शंभर वर्षांहून जुना ठरला, तर तो वारसा म्हणून नोंदला जाईल आणि बुजवता येणार नाही. वयाचा अहवाल मी लिहिते आहे. मी त्याच गावची आहे हे समितीला माहीत आहे, त्यामुळे माझा आकडा इतरांच्या आकड्यापेक्षा जास्त तपासला जाईल.

एक साधे कारण संभवते. नळीत उजेड शिरला असेल. ती तुमच्या घरी असताना कोणी उघडली का? हो किंवा नाही, एवढेच कळवा. फोनवर तुम्ही प्रत्येक गोष्टीला "बरं, बरं" म्हणता, म्हणून पत्र.

उ. जोल्दास
सर्वेक्षक


सारिजाप
२२ जानेवारी

उल्बोसिन पोरी,

पत्र मिळालं. बसवाल्यानं हातात देताना विचारलं, सरकारी आहे काय? म्हटलं, त्याच्याहून कडक आहे, मेव्हण्याच्या पोरीचं आहे.

हो. नळी मी उघडली. झाकलेलं भांडं दिसलं की झाकण उचलून बघायची मला खोड आहे. तुझ्या आत्यानं चाळीस वर्षं बोलून बघितलं, गेली नाही. आत माती होती. दुसरं काय असणार? परत पट्टी लावून ठेवून दिली. तुझं एवढ्या मोलाचं काम माझ्यामुळं नासलं. रागव, पण मनात ठेवू नकोस.

आता असं कर, दुसरी नळी घे, पण तिथं नको. वर, दरवाजापाशी घे, जिथं मोठ्या कालव्यातून आपल्याला पाणी सुटतं तिथं. तिथली माती जुनी आहे. आपल्या बाजूला काही ठोकायची गरज नाही.

इकडं थंडी आहे. कालव्यात ऑगस्टपासून पाणी नाही, आणि जे डबकं होतं ते गोठलंय. गेल्या साली जुलैत अकरा दिवस पाणी मिळालं, तेवढ्यावर ज्वारी झाली. परवा ज्वारीच्या पिठाचे गुर्तिक उकडले. दोन माणसांचं पीठ भिजवायची हाताला सवय आहे, ती जात नाही. उरलेलं कुत्र्याला घालतो. कुत्रं आता माझ्यापेक्षा अंगानं भरलंय.

आपल्या म्हाताऱ्या कुत्लीबायनं तुला निरोप दिलाय. म्हणतो, पोरीला म्हणावं जमिनीचं वय विचारत बसण्यापेक्षा माझं विचार, मी खोटं सांगीन पण नळी न ठोकता सांगीन.

सप्टेंबरात तू जेवायला थांबली नाहीस. काम असतं, ठाऊक आहे.

सापारनियाज


ताश्कंद
३१ जानेवारी

आतोबांना सलाम.

नळी तुम्ही उघडलेली नाही.

चिकटपट्टी मी डावखुरी असल्यामुळे उलट्या दिशेने गुंडाळते. पट्टीच्या शेवटावर माझी सही असते, अर्धी पट्टीवर, अर्धी नळीवर. प्रयोगशाळेत नळी उघडण्याआधी तिचा फोटो काढतात. सही जुळलेली आहे. शिवाय उजेड शिरला असता तर तोंडाजवळचे कण आणि मधले कण यांचे वय वेगळे आले असते. सगळ्यांचे सोळाच आहे.

म्हणून मी १९ सप्टेंबरचा फोटो पुन्हा उघडला आणि पट्टे मोजले. सोळा आहेत. प्रत्येक सुमारे सात सेंटिमीटर जाड, म्हणजे दरवर्षीचा उपसलेला गाळ. फक्त खालून चौदावा पट्टा साडेतीन सेंटिमीटर आहे.

याचा अर्थ निकाल बरोबर आहे. बाबांच्या हिश्श्यातली जमीन सोळा वर्षांपूर्वी खरोखरच उघडी झाली होती. त्या वर्षी जानेवारीत बाबा गेले आणि फेब्रुवारीत आईने मला इथे आणले. म्हणजे तिथे जे झाले ते आम्ही गेल्यानंतर झाले. त्यानंतर दरवर्षी कोणीतरी तिथला गाळ काढून टाकत आले आहे. आमच्या घरात तेव्हापासून कोणीही नाही. छप्पर पडले आहे, हे मी सप्टेंबरमध्ये पाहिले.

दरवाजापाशी नळी ठोकून उपयोग नाही. तिथे सिमेंट आहे. ते तुम्हालाही माहीत आहे.

माझी अडचण स्पष्ट लिहिते. मी निकाल दडपणार नाही. दुसरा नमुना मिळाला नाही, तर अहवालात सोळा हा आकडा जाईल आणि पाण्याच्या खात्याला दुसरे काही सिद्ध करावे लागणार नाही. प्रयोगशाळेत माझ्यासाठी आणखी एकाच नळीची जागा आहे, तीही २८ मार्चपर्यंत पोचली तर.

माझ्या नकाशावर या वाळवंटातले बाराशे किलोमीटर मेलेले कालवे आहेत. त्यांच्याबद्दल विचारायला कुठेच कोणी नाही. भांडी, राख आणि पाटांच्या रेषा सापडतात. नियम सापडत नाहीत. इथे सांगणारा माणूस जिवंत आहे आणि तो मला खोटे सांगतो आहे.

तिथे काय झाले ते लिहा.

उ. जोल्दास


ताश्कंद
१४ फेब्रुवारी

आतोबांना सलाम.

३१ जानेवारीच्या पत्राला उत्तर आले नाही. बसवाल्याला फोन केला. पत्र तुमच्या हातात दिले असे तो म्हणाला. तुमची तब्येत कशी आहे हेही विचारले. "चालतात, पण काठावर जाऊन उभे राहतात," असे म्हणाला.

अहवालाचा मसुदा मला २६ तारखेला द्यायचा आहे.

उ. जोल्दास


सारिजाप
२० फेब्रुवारी

उल्बोसिन,

सही इतकी बारीक बघणारं तुमच्या घराण्यात कोणी नव्हतं. जोल्दासला डावा बूट कुठला नि उजवा कुठला ते घातल्यावर कळायचं. तू कोणावर गेलीस देव जाणे. बरं, खोटं पकडलंस. आता खरं ऐक. मी तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा उठलो, म्हणून उशीर.

आपल्या गाळउपशाची रीत तुला माहीत नसणार. त्या आठ दिवसांत लहान पोरींना काठावर येऊ देत नाहीत, आणि तू नऊ वर्षांची असताना गेलीस. नवरोजच्या तोंडावर सगळं गाव कालव्यात उतरतं. प्रत्येक घराचा आपला हिस्सा. तुमचा अकरा पावलं, तुतीच्या झाडापासून खाली. आता नीट वाच. घरातला कर्ता गेला की त्या साली त्याच्या हिश्श्यावरचा सगळा भराव, खाली मूळ जमीन लागेपर्यंत उचलायचा आणि त्याच्याच शेतात पसरायचा. त्याच्या हातचा गाळ त्याच्या शेताला. मग उघड्या जमिनीवर वारसानं पहिलं फावडं टाकायचं. तिथून नवा भराव सुरू. म्हणून नांदत्या घराचा भराव कधीच जुना नसतो. घरातल्या शेवटच्या मयताएवढाच असतो. तुझं यंत्र चुकलं नाही, पोरी. ठोकायची जागा चुकली.

आणि वारसच नसला तर? पहिल्या दिवशी पाटकरी हातात यादी घेऊन काठावर उभा राहतो आणि एकेका घराचं नाव पुकारतो, तीन वेळा. तिसऱ्या हाकेलाही कोणी "हाजिर" म्हटलं नाही तर ते घर विझलं. त्याचा भराव आहे तसा राहतो. कालव्याच्या तळातला त्याचा गाळ शेवटच्या दिवशी सगळे मिळून काढतात आणि समोरच्या काठावर टाकतात. पण त्या भरावाला पुढं कोणी लोखंड लावत नाही.

तुझ्या आईला कोणी दोष देत नाही. तरण्या बाईनं इथं खाऱ्या विहिरीपाशी बसून काय केलं असतं? पण त्या मार्चात पाटकरी म्हणून मी यादी घेऊन उभा राहिलो आणि "जोल्दासचं घर" म्हणून पुकारलं. कोणी नाही. परत पुकारलं. समोर डाव्या काठावर तुझी आत्या टोपली घेऊन उभी होती. भावाचं घर विझताना बघायला आलेली. ती माझ्याकडं बघत नव्हती. खाली कोरड्या तळाकडं बघत होती. तिसऱ्यांदा मी "जोल्दासची उल्बोसिन" असं पुकारलं, आणि मीच म्हणालो, "हाजिर."

मग कुत्लीबाय म्हणाला, "पोरीचा आवाज बसलाय. गार पाणी प्याली असेल." आणि फावडं उचलून कालव्यात उतरला. त्याच्यामागं बाकीचे उतरले.

तेव्हापासून दरवर्षी तसंच. मी पुकारतो, मीच हाजिर. कुत्लीबाय दरवर्षी काहीतरी बोलतो. एकदा म्हणाला, औंदा पोरीला खोकला झालाय. एकदा म्हणाला, हिचं लग्न कोण करणार, आवाज तर म्हाताऱ्या बोकडाचा. मी डाव्या काठचा. डाव्या काठच्या माणसानं उजव्या काठावर फावडं चालवायचं नसतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी तुमच्या अकरा पावलांत उतरलो की सगळ्यांना एकदम चहाची तलफ येते. पाठ करून बसतात. पहिल्या साली भराव शेतात न्यायचं काम तुझ्या आत्यानं केलं, टोपलीनं. नऊ दिवस लागले.

चौदाव्या पट्ट्याचं विचारलंस. त्या साली गाळउपशाच्या तिसऱ्या दिवशी ती गेली. निरोप आला तेव्हा मी तुमच्याच हिश्श्यात होतो. मग ते तसंच राहिलं, निम्म्यावर.

सप्टेंबरात लोक हसत होते म्हणतेस. हसणारच. सोळा वर्षं माझ्या तोंडून हाजिर होणारी पोर स्वतः आली, कोणाला न विचारता नेमक्या स्वतःच्या अकरा पावलांत गेली, आणि स्वतःच्या हातानं तिथं लोखंड ठोकलं. कुत्लीबाय म्हणाला, "घ्या, आवाज सुटला." संध्याकाळी पाव-चहा करायचा बेत होता. तू दुपारीच गेलीस.

आता तुझ्या कामाचं. जुना भराव हवा तर तो एकच राहिलाय. तुतीच्या खाली वळण आहे, तिथं उजव्या काठाला दोन पुरुष उंच टेकाड आहे. तू लहानपणी त्याच्यावरून घसरायचीस आणि मार खायचीस. ते एर्नाझारचं घर. माझा पणजा सांगायचा की त्याच्या पणज्यानंसुद्धा त्या घरातलं माणूस बघितलं नव्हतं. किती झाले ते तूच मोज.

पण विझलेल्या घराच्या भरावाला जो लोखंड लावेल त्याच्या नावावर ते घर चढतं. चौदा पावलं. दर साली, मरेपर्यंत. मी लावलं असतं, पण एका घरासाठी गावानं माझ्याकडं पाठ केली, दुसऱ्यासाठी नाही करणार. उजव्या काठच्या घरांतला सगळ्यात तरणा माणूस अठ्ठावन्नचा आहे, त्याचंच त्याला उरकत नाही. बाहेरचा साहेब आला तर गाव त्याला टेकाडाजवळ उभं करणार नाही. लोखंड लावून निघून जाईल, मग ते घर दुसऱ्यांदा विझेल.

राहिलीस तू. म्हणून मी बोललो नाही. ताश्कंदात पगारावर असलेल्या पोरीच्या गळ्यात पंचवीस पावलं बांधायची, तीही असल्या कालव्याची, ज्याला साली अकरा दिवस पाणी? मला ते पटलं नाही. अकरा मी बघत होतो, तुला कळायचं कारण नव्हतं. आता पाठ वाकत नाही, औंदा किती होतील सांगता येत नाही.

तू सोळा लिही. खरंच आहे ते. हमरस्त्यापाशी नळाला पाणी आहे म्हणतात.

तुझी आत्या असती तर तिनं हे पत्र लिहू दिलं नसतं. का लिहायलाच लावलं असतं? पूर्वी तिच्या बाजूनं मीच माझ्याशी भांडायचो, तिची वाक्यं पाठ होती. हल्ली आठवत नाहीत.

सापारनियाज


ताश्कंद
२७ फेब्रुवारी

आतोबांना सलाम.

पत्र परवा मिळाले. दोनदा वाचले.

मसुदा काल दिला. सोळा हा आकडा त्यात आहे. त्याखाली भराव उचलण्याची रीत लिहिली आहे, आणि सारिजापच्या नांदत्या घरांच्या भरावावरून कालव्याचे वय काढता येत नाही, असा निष्कर्ष लिहिला आहे. विभागप्रमुखांनी तो वाचला. गावाची रीत म्हणजे पुरावा नव्हे, असे ते म्हणाले. ते बरोबर आहे. पुरावा एर्नाझारच्या टेकाडाखाली असेल किंवा नसेल.

दुसरी एक गोष्ट अहवालात जाणार नाही, म्हणून इथे लिहिते. बाबांच्या हिश्श्यावरच्या भरावाचे मी माप काढले. त्यात सुमारे बावीस घनमीटर गाळ आहे. ओल्या गाळाचे वजन धरले तर साडेअडतीस टन. पहिल्या वर्षी आत्याने टोपलीने वाहिला तो यात नाही, कारण तो शेतात पसरला गेला आणि मोजता येत नाही.

आत्या गेली तेव्हा निरोप मला वेळेवर मिळाला होता. कामावरून सुट्टी नाही असे मी कळवले. ते खोटे होते. मी तिकीट काढून स्टेशनवर गेले होते. उर्गेंचची गाडी फलाटावर पंचवीस मिनिटे उभी होती. मी बाकावर बसून होते. गाडी गेल्यावर घरी आले. गावात आपले काही उरलेले नाही आणि आपण पाहुण्यासारखे जाऊन रडायचे, हे मला करता आले नाही. माझे नाव यादीत आहे हे तेव्हा मला माहीत नव्हते. माहीत असते तर गाडीत बसले असते, असे मी खात्रीने सांगू शकत नाही. चौदावा पट्टा मात्र पुरा झाला असता, असे वाटते.

सप्टेंबरमध्ये जेवायला थांबले नाही, त्याचे कारणही काम नव्हते. तुमच्या घरात आत्याची टोपली खुंटीला होती.

आता पुढचे. मी १७ ते २६ मार्च रजा घेतली आहे. १६ च्या गाडीने निघते. १८ ला नावे पुकारली गेली की एर्नाझारच्या टेकाडात, जमिनीच्या रेषेत, नळी मी ठोकीन. ती माझ्याजवळच राहील. २७ ला ती प्रयोगशाळेत असेल.

नळी काय सांगेल ते आधी सांगता येत नाही. तुमच्या पणज्याच्या पणज्यापासून मी मोजले, तर दोनशे वर्षांच्या पुढे जाते. पण माणसे पिढ्या वाढवून सांगतात. शंभरच्या आत आकडा आला तर तोही मी तसाच लिहीन, आणि ३० एप्रिलला गाव जाईल. शंभरच्या पुढे आला तर कालवा राहील आणि पंचवीस पावले माझ्या नावावर राहतील, दरवर्षी. दोन्ही समजून लिहिते आहे. तुम्ही माझ्या गळ्यात काही बांधलेले नाही.

पंचवीस पावलांत यंदा सुमारे सव्वातीन घनमीटर गाळ असेल. मला फावड्याची सवय नाही. दिवसाला अर्धा घनमीटर उचलेन असे धरले आहे. म्हणजे साडेसहा दिवस. तुम्ही कालव्यात उतरायचे नाही. काठावर उभे राहून चुका काढा.

१८ ला माझे नाव दोनदा पुकारा, एकदा जोल्दासच्या घरासाठी आणि एकदा एर्नाझारच्या. तुम्ही "हाजिर" म्हणू नका. मी उजव्या काठावर तुतीपाशी उभी असेन. पहिल्या हाकेला आवाज निघाला नाही तर दुसरी द्या. कुत्लीबायना सांगा की तीन हाकांचा नियम आहे आणि तेवढ्यात मी उत्तर देईन.

पीठ दोन माणसांचेच भिजवा. नऊ दिवस.

मला तीन गोष्टी लेखी हव्या आहेत: उजव्या काठच्या घरांना माझे लोखंड चालेल की नाही, बाबांचे फावडे अजून आहे की नवे आणायचे, आणि तुमची पाठ खरोखर कशी आहे. बसवाला ९ तारखेला तोर्तकुलहून ताश्कंदला येणाऱ्या त्याच्या भावाकडे पत्र देईल, मी त्याच्याशी बोलले आहे.

१० मार्चपर्यंत उत्तर मिळावे.

उल्बोसिन
जोल्दासचे घर, उजवा काठ